आठ दिवस तिथं करायचं काय?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ६१ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले, पाटबंधारे खात्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पत्नी ५८ वर्षांच्या. येत्या डिसेंबरात लग्नाला ३५ वर्षं होतील. लेखकांचे वडील सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते, गेल्या वर्षी गेले. त्यांच्यापाशी रात्री जागताना पत्नी मोबाइलवर लाओसमधल्या लुआंग प्रबांग या नदीकाठच्या जुन्या गावाचे व्हिडिओ बघायच्या. आता त्यांना तिथं जायचंय. आठ दिवस, आणि फक्त तिथंच. 'मला कुठंही पोचायचं नाहीये' असं त्या म्हणतात. मुलांनी आठ दिवसांत तीन देशांचं पॅकेज काढून दिलंय. लेखक विचारतात: एवढा खर्च करून एकाच गावात बसून राहायचं? पैसे वसूल कसे होणार? आम्ही शाकाहारी, खायचं काय? माझा पासपोर्ट नवा करून आणलाय, पण मन होत नाही. हिचा हा आळस समजायचा की हट्ट? ता. क. आम्ही दोघंच असे इतके दिवस कधी राहिलेलो नाही.

नमस्कार रावसाहेब,

खात्यात उपअभियंत्याला हीच हाक मारतात ना? माझे मामा तुमच्याच खात्यातले, त्यामुळे तोंडात तीच आली.

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं खर्च, जेवण आणि मुलांचं म्हणणं यांत गेलीत. मग सही, आणि सहीच्या खाली ती एक ओळ. इतकी वर्षं पत्रं वाचून मला सवय लागलीय, मी ता. क. आधी वाचते. माणसं पोटातलं बहुतेक वेळा सही झाल्यावरच लिहितात. त्या ओळीकडे येणारच आहे, पण तुम्ही हिशोबाचे माणूस, तेव्हा आधी हिशोब.

पॅकेजला मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः गेलेय. संध्याकाळी वरणभात समोर येतो, बॅग कुणीतरी उचलतं, बसमध्ये कोल्हापूरचं एखादं जोडपं कायमचं मित्र होतं. पहिल्यांदा देशाबाहेर पडणाऱ्याला तो मोठा आधार असतो. पण त्याचं वेळापत्रक आठवा: पाचला फोन वाजणार, सहाला नाश्ता, सातला बॅगा दाराबाहेर. आता तुमच्याच पत्राचं दुसरं पान काढा. वडिलांसाठी घरात काय काय चाले ते तुम्ही फार मायेनं लिहिलंय. पाचला कूस बदलायची, सहाला अंग पुसायचं, सातला गोळ्या. वाक्यांत कर्ता कुठंच नाही, पण हे सगळं कोण करत होतं ते कळतं.

तर ज्या बाईनं सहा वर्षं गजर लावून काढली, ती म्हणते, मला कुठंही पोचायचं नाहीये. आणि तुम्ही मला विचारताय की हा आळस की हट्ट. तिसरा पर्याय तुम्ही दिलाच नाही, म्हणून मी लिहिते: थकवा. तुमच्या निवृत्तीला तारीख होती, शाल-श्रीफळ होतं, चार माणसं बोलली असतील. वहिनींचं काम ज्या दिवशी संपलं त्या दिवशी घरात सुतक होतं. आणि दहाव्या-तेराव्याला आलेल्यांच्या चहापाण्याचंही त्यांनाच बघावं लागलं असेल.

पैसे वसूल व्हायचे तर ते कशात, हे आधी ठरवायला हवं. तीन देशांचे फोटो हवे असतील तर पॅकेज स्वस्त पडेल. सहा वर्षांची झोप हवी असेल तर महाग पडेल. एवढाच हिशोब आहे.

आता त्या गावाबद्दल. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथं नऊ दिवस होतो, त्यामुळे व्हिडिओत दिसत नाही तेही थोडं सांगते. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या बेचक्यात ही जिभेसारखी जमीन आहे आणि जुनं गाव तेवढ्यात मावलंय. १४व्या शतकात इथं लान सांग राज्याची राजधानी होती. पुढे राजधानी व्हिएंतियानला गेली, पण विहार इथं राहिले आणि नंतर इथं पुन्हा राजघराणंही नांदलं. फ्रा बांग नावाच्या ८३ सेंटिमीटरच्या बुद्धमूर्तीवरून गावाला नाव मिळालं. फ्रेंच आले, त्यांनी बंगले बांधले, पाव आणि कॉफी ठेवून गेले. राजेशाही १९७५ला संपली. १९९५ला गाव युनेस्कोच्या यादीत गेलं आणि त्यामुळे आजही तिथं उंच इमारती नाहीत. लाकडी माडीची घरं, चाफ्याची झाडं आणि दर शेदोनशे पावलांवर एक विहार. विहाराला तिथं 'वाट' म्हणतात. 'वाट कुठंय?' हा विनोद आम्ही नऊ दिवस केला, शेवटी मलाच तो नकोसा झाला.

तुम्ही कऱ्हाडला नोकरी केलीत असं लिहिलंय, म्हणजे प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसला असालच. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग वळतात. इथं तसं नाही. नाम खान बाजूनं येते, हिरवट, लहान. मेकाँग तांबूस आणि रुंद. लाओ भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात, शब्दशः पाण्याची आई. कृष्णामाई म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि रावसाहेब, तुम्हाला तिथं कंटाळा येईल हे मला मुळात पटलेलंच नाही. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मेकाँगची पातळी कित्येक मीटरनं वरखाली होते. पाणी ओसरलं की काठावर गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक लगेच तिच्यावर भाजी लावतात. आपल्याकडची मळईची शेतीच ती. नाम खानवर दर वर्षी बांबूचा पूल बांधतात आणि पुराआधी काढून ठेवतात. दर वर्षी नव्यानं! आमच्या घरचे गृहस्थ काही अभियंते नव्हेत, विमा कंपनीत होते, तरी ते त्या पुलावर एक अख्खी सकाळ बांबूचे जोड बघत उभे होते. मेकाँग नदी आयोग लुआंग प्रबांगची पाणीपातळी रोज नोंदवतो, ती तुम्हाला मोबाइलवर बघता येईल. गावाच्या वर साधारण २५ किलोमीटरवर १४६० मेगावॅटचं धरण होतंय. आपला कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा, म्हणजे आकाराचा अंदाज आला. गावाच्या वारशाचं काय होणार म्हणून या धरणावरून मोठा वाद आहे आणि त्यात कोणाची बाजू घ्यायची हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ठरवाल.

मात्र एक अट. ही तुमची साइट व्हिजिट नव्हे. पातळीचा आकडा दिवसातून एकदा वहिनींना सांगा. दुसऱ्यांदा सांगू नका.

आता ता. क. 'आम्ही दोघंच असे इतके दिवस कधी राहिलेलो नाही.' ३५ वर्षांत आधी सासूसासरे, मग मुलं, मग बदल्या, मग आजारपण. मधे कायम कोणीतरी होतं. तुमचा प्रश्न 'आठ दिवस तिथं करायचं काय' असा नसून 'आठ दिवस एकमेकांशी बोलायचं काय' असा आहे, असं मला वाटतं. चुकत असेन तर रागावू नका. पॅकेजमध्ये तो प्रश्न येत नाही, कारण तिथं चाळीस माणसं असतात.

त्याचं उत्तर सोपं आहे आणि ते ऐकून तुम्हाला हायसं वाटेल: बोलायलाच हवं असं नाही. तुम्ही धरून चाललायत की वहिनींना आठही दिवस तुम्ही शेजारी हवे आहात, हातात हात घालून. पत्रात त्यांनी असं म्हटल्याचं मला कुठं सापडलं नाही. त्यांना कदाचित नुसतं तिथं असायचंय. तुम्ही सोबत असावं, पण पाहुण्यासारखं सांभाळावं लागू नये, इतकंच.

म्हणून माझी सूचना: सकाळी वेगळे, संध्याकाळी एकत्र. तुम्ही पहाटे उठणारे. तांबडं फुटताना भगव्या चीवरातले भिक्षू रांगेनं अनवाणी भिक्षेला निघतात, लोक दारात गुडघ्यावर बसून भाताचा एकेक घास त्यांच्या पात्रात घालतात. माधुकरी ऐकून माहीत असलेल्या आपल्या पिढीला त्याचा अर्थ लगेच कळतो. पण मुख्य रस्त्यावर त्याचा तमाशा झालाय. पर्यटक भिक्षूंच्या तोंडासमोर मोबाइल धरतात. तुम्ही आतल्या गल्लीत जा, पलीकडच्या बाजूला उभे राहा, फ्लॅश नाही, बोलणं नाही. रस्त्यात विकायला आणलेला भात घेऊन रांगेत बसू नका. त्या वेळी वहिनींना झोपू द्या. उठल्यावर 'तू काय काय चुकवलंस' हे सांगू नका.

वहिनी कुठं रमतील तेही सांगते. आम्ही राहायचो त्याच्या मागच्या गल्लीत एक आजी नदीतलं शेवाळ धुऊन बांबूच्या चौकटीवर पातळ पसरायची. त्यावर तीळ, लसणाच्या चकत्या, टोमॅटोचे काप बोटानं दाबून बसवायची आणि उन्हात ठेवायची. काइपेन म्हणतात त्याला, तळून खातात. मी पहिल्या दिवशी उभी राहिले, दुसऱ्या दिवशी तिनं मला स्टूल दिलं. भाषा शून्य. पण वाळवण घातलेल्या बाईला वाळवण घालणारी बाई कळते. ढग आला की दोघींनी एकदमच वर पाहिलं. तासभर बसले असेन. इकडे हे पुलावर. दुपारी भेटलो तेव्हा दोघांकडेही सांगायला काहीतरी होतं, आणि इतकी वर्षं संसार केल्यावर ही चैनच म्हणायची.

एक मोठी गोष्ट दिवसाआड, त्याहून जास्त नको. वाट शियेंग थोंग हा १५५९-६०च्या सुमाराचा विहार. त्याची छपरं जमिनीला टेकतील इतकी खाली उतरतात आणि मागच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांचं झाड आहे. त्याच आवारात राजाच्या अंत्ययात्रेचा सोनेरी रथ ठेवलाय, त्या दालनाच्या दर्शनी बाजूवर रामायणातले प्रसंग कोरलेत. लाओ रामायणाचं नाव 'फ्रा लाक फ्रा लाम', म्हणजे लक्ष्मण आधी आणि राम नंतर. का, ते दोघांनी मिळून शोधा. एक संध्याकाळ जाईल. पाक ऊच्या गुहा होडीनं, जाताना साधारण दोन तास. क्वांग सीचा निळसर धबधबा ३० किलोमीटरवर, सकाळी लवकर गेलात तर गर्दी लागत नाही. फूसी टेकडीला तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि सूर्यास्ताला वर जत्रा असते. तुमच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय, तेव्हा नदीपलीकडचं शियेंग मेन गाव बरं: फेरीनं पाच-दहा मिनिटांत पार आणि पलीकडे शुकशुकाट. संध्याकाळी कुठल्याही विहारात भिक्षूंचं पठण चालतं, मागे शांत बसलं तर कुणी उठवत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नसतो, वस्तूही हातात द्यायची नसते.

ही यादी बघून तुम्ही वहीत रकाने आखणार, मला दिसतंय. आखू नका.

यापेक्षा महत्त्वाची एक बारीक गोष्ट आहे, ती तुमच्यासारख्या सगळ्याच नवऱ्यांना सांगायची आहे. आठ दिवस गाव निवांत असेल, पण त्या गावात वहिनीच 'तुमची गोळी घेतली का', 'चार्जर कुठं ठेवला', 'चहा करू का' करत राहिल्या तर त्या घरीच आहेत, फक्त खिडकीबाहेरची नदी बदललीय. खोलीत किटली असते. तिथं चहा तुम्ही करायचा. दोघांच्या गोळ्यांचे डबे तुम्ही भरायचे, किल्ली तुम्ही सांभाळायची, जेवायला कुठं जायचं हे शोधून ठेवायचं आणि त्यांनी 'आज नको' म्हटलं तर तोंड पाडायचं नाही. ३४ वर्षं आवर्तनं सांभाळलीत, कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं ते तोंडपाठ होतं. हे त्याहून सोपं आहे.

जेवणाची तुमची काळजी मात्र खरी आहे. तिथल्या स्वयंपाकात माशाचा रस आणि आंबवलेल्या माशाचं पादेक कशातही असतं, भाजीत आणि चटणीतसुद्धा. 'बो साइ सीन' म्हणजे मांस घालू नका, 'बो साइ नाम पा' म्हणजे माशाचा रस घालू नका, 'बो साइ पादेक' म्हणजे तेही नको. ही तीन वाक्यं लाओ लिपीत मोबाइलवर ठेवा आणि दाखवा, आपल्या उच्चारावर विसंबू नका. चिकट भात बांबूच्या छोट्या टोपलीत येतो आणि हातानंच खातात, त्याचा लाडू वळताना वहिनींना मजा येईल. पाव, फळं, कॉफी भरपूर, आणि भारतीय जेवणही गावात मिळतं. मेतकूट आणि लसणाची चटणी न्यालच. भाकरीचं पीठ नेऊ नका. नेलंत तर भाकरी कोण करणार, हा प्रश्न आलाच.

बाकी व्यवहाराचं पटापट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे शाल लागते. मार्च-एप्रिलमध्ये शेतं जाळतात, गावावर धूर बसतो, तेव्हा टाळा. बँकॉकमार्गे विमान सोयीचं पडतं. पण बँकॉकला दोन विमानतळ आहेत, उतरायचा आणि पुढे निघायचा विमानतळ एकच आहे ना ते तिकीट काढण्याआधी पाहा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, निघण्याआधी ताजे नियम बघून घ्या. मोठ्या आजारपणात लोक थायलंडला जातात, म्हणून प्रवासविमा घ्याच, आणि त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवायचा खर्च आहे का ते वाचून घ्या. डासांचं मलम विसरू नका. राहायची जागा नद्यांच्या बेचक्यातच घ्या, तळमजल्यावर, दोन खुर्च्या मावतील एवढ्या व्हरांड्याची. २०२१पासून व्हिएंतियानहून रेल्वेही आहे, दोनेक तासांत पोचवते. परतीचा प्रवास तिनं करू शकता, डोंगरातले बोगदे तुम्हाला आवडतील.

तरीही धाकधूक वाटत असेल तर तालीम करा. चार दिवस वाईला राहा, दोघंच. पाहुण्यांकडे नाही, घाटाजवळ खोली घेऊन. मेणवलीला एकदा जाऊन या, बाकी काही नाही. दुसऱ्या दुपारी तुम्हाला घरी जावंसं वाटेल. कुणाला फोन करावा, महाबळेश्वरला गाडी न्यावी असं वाटेल. ती दुपार जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी काय वाटतं ते बघा आणि वहिनींना काय वाटलं ते विचारा. तिथंच दोघांचा जीव घुसमटला, तर आठाऐवजी पाच दिवस करा आणि उरलेले तीन बँकॉकला घालवा. त्यात हार कुणाचीच नाही. मुलांचं पॅकेजही पळून जात नाही, पुढच्या वर्षी जा. मात्र दोन्ही एकातच बसवायच्या नादात आठ दिवसांत चौथा देश वाढवू नका.

मुलांना काय सांगायचं असं विचारलंयत. सांगा की आई ठरवतेय.

लाओ लोक उठता-बसता 'बो पेन यांग' म्हणतात, चालायचंच या अर्थी. तिथं बासी नावाचा एक विधीही आहे. माणसाच्या अंगात ३२ जीवशक्ती असतात आणि दगदगीनं त्या इकडेतिकडे भरकटतात अशी समजूत आहे. मग घरातली, शेजारची माणसं जमून त्यांना परत बोलावतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतात. तो निदान तीन दिवस काढायचा नसतो. तुमच्या मुक्कामाच्या घरी विचारलंत तर करतीलही. लग्नाच्या वाढदिवसाला केक कापण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, पण ठरवायचं वहिनींनी.

आणि एक राहिलंच. प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक लागते. तुमचा तुम्ही नवा करून आणलायत. वहिनींच्या पासपोर्टबद्दल चार पानांत एक शब्द नाही. आज कपाट उघडून बघा.